सहलीचा फॉर्म आणि डॉक्टरची सही

दिवाळीची सुट्टी संपून शाळा-कॉलेजे पुन्हा सुरू झाली, की आम्हा डॉक्टर मंडळींकडे एक ठराविक कागद येऊ लागतो. ‘सदर विद्यार्थी शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त असून गिरिभ्रमणास पात्र आहे’ असा छापील मजकूर असतो आणि खाली सही-शिक्क्यासाठी मोकळी जागा. कधी कागदाबरोबर विद्यार्थी येतो, कधी नुसता कागद येतो. मागच्या हिवाळ्यात एका कॉलेजचा शिपाई बेचाळीस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "सरांनी ठेवायला सांगितलंय, संध्याकाळी न्यायला येतो." फॉर्म बेचाळीस, विद्यार्थी एकही नाही! मी गठ्ठा परत पाठवला आणि सरांना फोन करून म्हटले, मुलांना पाच-पाचच्या गटाने पाठवा, तपासणीचे पैसे घेणार नाही. सर जरा नाराज झाले. "अहो डॉक्टरसाहेब, ती नुसती फॉर्मॅलिटी असते," म्हणाले. पण मुले पाठवली, हे त्यांचे मी मानतो.

त्या बेचाळीस जणांत काय सापडले ते सांगतो. एका मुलाला दमा होता. पंप तो वापरत होता, पण मित्रांना ठाऊक नव्हते. एक मुलगा तीन वर्षे फिटच्या गोळ्या घेत होता. एकजण डेंग्यूच्या तापातून उठून जेमतेम नऊ दिवस झाले होते. एका मुलीच्या छातीला नळी लावल्यावर हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज ऐकू आला. तिची अशी तपासणी पूर्वी कधी झालीच नव्हती. आणि एकाने फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ असे लिहून दिले होते, पण बोलता बोलता कळले, की गेल्या वर्षी मैदानावर धावताना त्याला भोवळ येऊन तो पडला होता. घरच्यांनी ‘उपाशी होता म्हणून’ असे म्हणून सोडून दिले होते.

यातल्या तिघांनाच मी त्या वेळी थांबवले. डेंग्यूवाल्याला, आवाज ऐकू आलेल्या मुलीला आणि धावताना पडलेल्या मुलाला. त्या दोघांना ईसीजी आणि इको करून यायला सांगितले. बसल्या जागी किंवा रांगेत उभे राहून चक्कर येणे वेगळे आणि ऐन धावताना, चढताना शुद्ध हरपणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्या मुलाने गड चढू नये. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल तर तेही डॉक्टरला सांगावे. त्याचप्रमाणे अंगात ताप असताना किंवा तापातून नुकते उठल्यावर अंगमेहनत करू नये. काही विषाणूंच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि श्रमाने ती जिवावर बेतू शकते. ‘एवढा ताप काय, गोळी घेऊन जाईन’ असे म्हणणारे तरुण मला दर वर्षी भेटतात.

दमेकरी आणि फिटवाला मात्र दोघेही गेले आणि मजेत परत आले. वाचकांपैकी अनेकांना याचे आश्चर्य वाटेल. दमा आहे, मधुमेह आहे, फिट येते म्हणून मुलाला जन्मभर घरात बसवायचे कारण नाही. फक्त ते लपवायचे कारण नाही. दम्याचा पंप स्वतःच्या खिशात हवा, बसमध्ये राहिलेल्या बॅगेत नव्हे. चढणीपूर्वी तो घ्यायचा का, हे आपल्या डॉक्टरला विचारून ठेवावे. फिटच्या रुग्णाने गोळी चुकवू नये आणि आदल्या रात्री जागरण करू नये. आपल्याकडे सहलीच्या आदल्या रात्री मुले झोपतच नाहीत, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालतात. झोपमोड हे फिट येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. कड्याच्या काठाने किंवा पाण्याच्या कडेने चालताना त्याच्या शेजारी माहीतगार सोबती हवा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांची साखर चालताना तर कमी होतेच, पण दिवसभराच्या दमणुकीनंतर रात्री झोपेतही उतरू शकते, हे सोबतच्या शिक्षकाला ठाऊक पाहिजे. खिशात ग्लुकोज आणि रात्री झोपण्यापूर्वी साखरेची तपासणी, एवढे केले तर तो मुलगाही गडावर जाऊ शकतो.

मुले का लपवतात? कारण सांगितले की आपण त्यांना घरी बसवतो. त्या फिटच्या मुलाने मला दार लोटून घेऊन हळूच सांगितले. मी विचारले, सरांना आणि एका मित्राला सांगू का? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सरांना सांगा. मित्राला मीच सांगतो." पालकांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आजार सांगणारे मूल सहलीला जाईल याची हमी असेल तरच मूल आजार सांगेल.

पाणी आणि मुलींची अडचण

गेल्या काही वर्षांत गडावरून थेट दवाखान्यात आलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांत सापाचा एकही नव्हता. सर्वांत जास्त होते पाण्यावाचून हैराण झालेले. आणि त्यांतही मुली अधिक. त्याचे कारण पेपरात लिहायला काहींना संकोच वाटेल, पण लिहिले पाहिजे. अकरावीतल्या एका मुलीला तिची आई रात्री नऊला घेऊन आली. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत या मुलीने जेमतेम अर्धी बाटली पाणी प्यायले होते. थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ आणि उभे राहिले की अंधारी. मी विचारले, पाणी का प्याली नाहीस? तिने आईकडे पाहिले. आईच म्हणाली, "डॉक्टर, वर जायला जागाच नसते हो. चाळीस पोरं, त्यात निम्मे मुलगे. पाणी प्यायलं तर जाणार कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरकडे नाही, सहल काढणाऱ्यांकडे आहे. मुली असतील तर सोबत बाई हव्यातच. दर दीड-दोन तासांनी थांबायचे, मुलगे पुढे जाऊन वळणापलीकडे थांबतील, बाई मुलींबरोबर मागे राहतील, हे निघण्यापूर्वी सर्वांसमोर सांगून टाकावे. एकदा सांगितले की लाज निम्मी कमी होते. बाईंच्या पिशवीत जादा सॅनिटरी पॅड आणि ते वापरून झाल्यावर परत आणायला कागद व पिशवी असावी. पाळी आली म्हणून मुलीला मागे ठेवण्याचे वैद्यकीय कारण काही नाही. पोटात फार दुखत असेल तर ती स्वतःच सांगेल.

पाणी किती न्यावे? आपल्या जिल्ह्यातल्या चंदन-वंदन, पांडवगड, वैराटगड अशा अर्ध्या दिवसाच्या चढाईला माणशी दोन लिटर आणि दिवसभर चालायचे असेल तर तीन लिटर, असे मी सांगतो. तीन लिटर म्हणजे तीन किलो वजन, म्हणून मुले ते टाळतात आणि त्याऐवजी वेफर्सची पाकिटे भरतात. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. उलट, घाम भरपूर जात असताना दिवसभर नुसते साधे पाणीच ढोसत राहणेही बरे नाही. त्याने रक्तातले मीठ पातळ होते, डोके दुखते, मळमळते. दशम्या-चटणी, शेंगदाणे, गूळ, खारट बिस्किटे असे काही खात राहावे.

जलसंजीवनीचे पाकीट अख्खे एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकून पिणारी मुले मी पाहिली आहेत, त्याने तहान वाढते आणि उलटी होते. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावे. ‘ओआरएस’ असे नाव लावून विकली जाणारी फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

गडावरच्या टाक्याचे पाणी थंडगार आणि नितळ दिसते, पण उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय ते पिऊ नये. जुलाब दोन दिवसांत कळतात. कावीळ मात्र सुमारे महिन्याने उगवते, तेव्हा कोणाला गडही आठवत नाही आणि टाकेही.

ऊन

आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी बारा ते तीन या वेळेत उघड्या कातळावर ऊन भाजून काढते. फेब्रुवारीनंतर तर विचारायलाच नको. उन्हाने आधी डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात. इथेच थांबून सावलीत बसवले, बूट-मोजे सैल केले, पाणी दिले तर तासाभरात मूल ताजेतवाने होते. पण मूल असंबद्ध बोलू लागले, चिडचिड करू लागले, झोकांड्या खाऊ लागले, विचारले एक आणि सांगितले भलतेच असे झाले, तर तो उष्माघात आहे असे समजून वागावे. अंगाला घाम सुटलेला आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात बऱ्याचदा घाम असतोच. अशा वेळी मुलाला उचलून खाली पळवत नेण्याची घाई होते. ती चूक आहे. जागेवरच सावलीत आडवे करून कपडे कमी करा, असेल नसेल ते सगळे पाणी अंगावर ओता, टॉवेलने, वहीने, पुठ्ठ्याने वारा घाला. आधी अंग थंड करायचे, मग न्यायचे. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

गंमत अशी, की असे मूल नेहमी रांगेच्या शेवटी सापडते. पुढचे धावत सुटतात, मध्येच बसून आराम करतात, आणि शेवटचा धापा टाकत पोहोचला की ‘आला का? चला’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. म्हणून चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा आणि सर्वांच्या मागे एक जाणता, न थकणारा माणूस असावा. त्याच्या मागे कोणीही नाही, म्हणजे कोणीही नाही. दर थांब्यावर मोजणी. दहा मुलांमागे एक मोठे माणूस तरी पाहिजे असे माझे मत आहे. सत्तर मुले आणि तीन शिक्षक ही सहल नव्हे, जत्रा आहे. जत्रेत निदान चुकलेल्यांसाठी भोंगा असतो.

परत फिरण्याची वेळ

वासोट्याला जाणाऱ्यांना एक शिस्त आपोआप पाळावी लागते. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी काढायची, जंगलात मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत लाँचवर हजर. त्यामुळे किती वाजता माघारी वळायचे, हे निघतानाच ठरलेले असते. हीच शिस्त इतर गडांवर कोणी पाळत नाही. ‘आता आलोच आहोत तर बालेकिल्ला पाहूनच जाऊ’ असे म्हणून चार वाजता वर चढणारे सातला अंधारात घसाऱ्यावरून उतरतात. मी पाहिलेले घोट्याचे बहुतेक अस्थिभंग उतरतानाचे आहेत, आणि दिवस मावळल्यानंतरचे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. माथ्यावर पोहोचू अगर न पोहोचू, दुपारी अमुक वाजता वळायचे, हे सरांनी सकाळीच जाहीर करावे. प्रत्येकाकडे बॅटरी हवी. मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवली तर उजेडही जातो आणि फोनही.

एका मुलाचा पाय मुरगळला आणि त्याला एका मित्राजवळ बसवून बाकीचे पुढे गेले, ‘येताना घेऊन जाऊ’ म्हणून. येताना वाट दुसरीच पकडली. ती दोन मुले रात्री दहाला खालच्या वाडीतल्या एका गुराख्याने शोधून आणली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा पायाची सूज किरकोळ होती, पण दोघेही थंडीने आणि भीतीने गारठलेले होते. त्यातला धाकटा महिनाभर रात्री दचकून उठत होता, असे त्याचे वडील सांगत. कोणाला लागले तर सबंध गट थांबतो. मदत आणायला पाठवायचे तर दोघांना मिळून पाठवायचे आणि जखमीजवळ मोठे माणूस ठेवायचे.

घोटा मुरगळला तर बूट एकदम काढू नये, सैल करावा. चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून कळ येत असेल तर हाड मोडले असे धरून दोन काठ्यांचा आधार बांधावा. चोळायचे नाही, ‘ओढून बसवायचे’ तर मुळीच नाही.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिचा मोठाच आधार आहे. पण ती डांबरी रस्ता संपेल तिथवरच येते. पुढचे अंतर झोळी करून आपल्यालाच कापावे लागते. म्हणून पायथ्याच्या गावातल्या एखाद्या माणसाला वाटाड्या म्हणून घेणे हा खर्च नव्हे. त्याला वाट ठाऊक असते, मोबाइलला रेंज कुठल्या टेपावर येते ते ठाऊक असते आणि चार खांदे जमवता येतात. जाण्यापूर्वीच पायथ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे, हे विचारून ठेवावे. खासगी आयोजकाबरोबर मूल पाठवत असाल तर २०२१ च्या राज्य शासनाच्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, हे पालकांनी विचारावे. विचारण्यात अपमान कसला?

माशा, साप, विंचू

साप म्हटले की पालक घाबरतात. मी आग्या मोहोळाला अधिक घाबरतो. कड्यांच्या कपारीत आणि दरवाजांच्या कमानीत ही मोहोळे असतात. खाली चूल पेटवणे, सिगारेट, भडक अत्तर, आरडाओरड, दगड मारणे, यातल्या कशानेही ती उठतात. उठली तर हात झाडत उभे राहू नये. डोके-तोंड ओढणीने, शर्टाने झाकून दूर पळावे, मात्र कड्याच्या बाजूला नव्हे. काटे नखाने खरवडून लवकर काढावेत. दोन-चार डंखांनी फार काही होत नाही. परंतु ओठ-जीभ सुजू लागली, आवाज घोगरा झाला, दम लागला, अंगभर गांधी उठून चक्कर आली, तर एका डंखानेही जीव जाऊ शकतो. त्यावर मांडीत द्यायचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच उपाय, आणि ते आरोग्य केंद्रात असते. डंख शंभराच्या घरात असतील तर मूल बरे दिसले तरी रुग्णालयात ठेवावे.

साप चावला तर करण्यापेक्षा न करण्याच्या गोष्टी जास्त. कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. चावलेला भाग फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-कडे काढावे, मुलाला चालू न देता उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि दुखतही नाही. मुक्कामाच्या देवळात किंवा गुहेत पहाटे कोणाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले तर तिकडेही लक्ष असावे.

लाल विंचवाचा दंश कोकणात आणि आपल्याकडेही पूर्वी लहान मुलांचे बळी घेई. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डंखानंतर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसताच न थांबता दवाखाना गाठावा. सकाळी बूट झटकूनच घालावेत.

पावसाळी सहलींबद्दल एवढेच, की ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. डोंगरात वर पाऊस पडला की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. गुडघ्याएवढे ओढीचे पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलते. ओढा चढला असेल तर अलीकडेच थांबावे, उतार पडेपर्यंत उपाशी राहावे लागले तरी.

सहल घरी परतल्यावर संपते असे समजू नका. खूप दमणूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी किंवा कोकासारखी झाली तर त्याच दिवशी दाखवावे. स्नायूंच्या झिजेचा भार मूत्रपिंडावर पडलेला असतो. आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी-ताप आला तर आपण जंगलात, गवतात, ओढ्याच्या पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरला स्वतःहून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे दोन्ही ताप अशा ठिकाणी लागतात. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसने बरेच बळी घेतले. गवतातले सूक्ष्म किडे चावून तो होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मुले सांगत नाहीत, आणि कपडे काढून पाहिल्याशिवाय डॉक्टरलाही दिसत नाही. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने हा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. तेव्हा मुलाला घेऊन याल तेव्हा ‘चार दिवस ताप आहे’ यापुढे आणखी एक वाक्य जोडा, ‘पंधरा दिवसांपूर्वी गडावर गेला होता.’